वजनाच्या बाईचं भाषण

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटेना. बागांच्या छाटण्या महिनाभर पुढे ढकलल्या गेल्या आणि जानेवारी अर्धा सरला तरी पिंपळगावच्या आजूबाजूला द्राक्ष आंबटच. पॅकहाऊसचं शटर वर केलेलं होतं, दिवे लावलेले होते, स्टीलची टेबलं रोज पुसली जात होती. फक्त द्राक्षं नव्हती. मांडव घातलाय, आचारी येऊन बसलाय आणि नवरीचं अजून बघायचंय, असा सगळा प्रकार.

प्रतिभा या पॅकहाऊसात अकरा वर्षं काट्यावर होती. काम म्हणाल तर सोपं. प्लास्टिकच्या डबीत घड ठेवायचा, डबी काट्यावर ठेवायची आणि पाचशे वीस ग्रॅम भरेपर्यंत मणी काढायचे नाहीतर घालायचे. डबीवर पाचशेच छापलेलं असायचं. वरचे वीस जहाजात सुकून जायचे. म्हणजे अकरा वर्षं ती रोज थोडी थोडी द्राक्षं समुद्राला देत होती. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता.

टेबलावर एक नियम होता. बोलायचं नाही. तोंडातलं काही मालावर उडालं तर कंटेनर परत येतो, असं शेठ सांगायचा. दारात आलं की टिकली काढून भिंतीला लावायची, बांगड्या पिशवीत, केस टोपीत, तोंड मास्कात. चाळीस बायका समोरासमोर आठ आठ तास उभ्या आणि आवाज कात्र्यांचा तेवढा. मग बायका हातांनी बोलायला लागल्या. करंगळी वर केली की लघवीला जायचंय. मनगट वळवून पाहिलं की शेठ आला. कान पिळला की सुपरवायझर कोंडाजी, कारण त्याच्या कानावर पेन असायचा. दोन बोटं टेबलावर उभी करून गुडघ्यात मोडली की पाय दुखतात. पाची बोटं चोचीसारखी उघडझाप केली की सासू. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. नवी बाई आली की आठवड्यात तिला यायचं. प्रतिभाच्या हाताला तर इतकी सवय झाली होती की ती घरीही करंगळी वर करून मोरीकडे जायची.

असं सगळं गप्प चाललं असताना परदेशातल्या गिऱ्हाइकानं नवी अट घातली. टेबलावर उभी राहणारी प्रत्येक बाई प्रमाणपत्रवाली पाहिजे. शेठनं लगेच पंधरा दिवसांचा कोर्स आणला. स्वच्छता, सुरक्षितता आणि शेवटी परीक्षा. लेखी परीक्षा नव्हती. चार-चार बायकांचा गट करून सगळ्यांसमोर उभं राहून भाषण करायचं, त्याला प्रेझेंटेशन म्हणायचं. गट पास तर चौघी टेबलावर. गट नापास तर चौघी क्रेट धुवायला.

म्हणजे इतकी वर्षं ज्या बायकांना न बोलण्याचा पगार होता, त्यांनी आता बोलून दाखवायचं, म्हणजे त्यांना पुन्हा गप्प उभं राहता येईल. यात कुणाला काही चमत्कारिक वाटलं नाही. कोंडाजीनं याद्या करून भिंतीला लावल्या.

शिकवायला दिनेश सर यायचे, नाशिकरोडहून मोटारसायकलीवर. वय पंचविशीचं, हेल्मेटनं केस एका बाजूला बसलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीला उभं राहून नाव सांगायला लावलं.

प्रतिभाची पाळी आली. ती उभी राहिली. तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. भीती वाटली असंही नाही. नळ सोडावा आणि टाकीत पाणी नसावं, तसं.

"नाव सांगा ताई," सर म्हणाले.

"प्रतिभा," मागून ललिता म्हणाली.

"त्यांना सांगू द्या."

सगळ्यांनी त्यांना सांगू दिलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"छान," सर म्हणाले. "प्रयत्न केला ना? ताईंसाठी जोरात टाळ्या!"

चाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिभा खाली बसली. जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या आणि त्या कशासाठी होत्या ते तिला कळलं नव्हतं.

घरी बोलण्याचं खातं सासूकडे होतं. सुलाबाई पहाटे डोळा उघडायच्या आधी बोलायला सुरुवात करायची. आणि नवरा कुंदन टेम्पोवर होता, पण द्राक्ष नाही म्हटल्यावर टेम्पो दारात उभा. तरीही तो रोज सकाळी डबा घेऊन टेम्पोत जाऊन बसायचा, काच पुसायचा, दुपारी डबा खायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. घर सात पावलांवर होतं.

त्या संध्याकाळी सुलाबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. प्रतिभा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, भाषण करायचंय मला. तुम्ही ऐका."

"भाषण? तू?" सुलाबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "आगं, भाषण कसं करायचं ते मला विचार. गावात पाण्याची टाकी झाली तवा पुढारी आला व्हता. मी उठून उभी राह्यले आन् त्याला म्हणलं, भाऊ, टाकी केली, पाणी कुठंय? तर तो मला म्हणतो कसा..."

तो काय म्हणाला, मग ही काय म्हणाली, मग टाकी कशी गळली, गळक्या टाकीखाली कुणाची म्हैस बसली आणि ती म्हैस पुढे कुणी चांदवडच्या बाजारात नेली, हे सगळं झालं. मेथी निवडायची राहिली. टेम्पोतून उतरलेला कुंदन दारात उभा राहून ऐकत होता, त्यानं टाळ्या वाजवल्या.

"झाली का प्रॅक्टिस?" त्यानं विचारलं.

प्रतिभानं पाची बोटं चोचीसारखी उघडझाप केली. कुंदनला ती भाषा येत नव्हती. त्याला वाटलं भूक लागली असेल.

प्रतिभाच्या गटात चौघी होत्या. नवसाबाई, ललिता, प्रतिभा आणि मीना. नवसाबाई पेठ बाजूच्या डोंगरातली, पंचावन्नच्या पुढची. दर हंगामाला खाली यायची आणि पॅकहाऊसच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. तिचे गुडघे गेले होते. उभं राहता यायचं, वाकता यायचं नाही.

सरांनी विषय दिला, 'पॅकहाऊसमधील स्वच्छता'. वर म्हणाले, "कामाची वाटणी करा, ताई. ग्रुपमध्ये तेच महत्त्वाचं असतं."

वाटणी करायला काय, ती झालेलीच होती. टेबलावर नवसाबाई घड कापते, ललिता निवडते, प्रतिभा वजन करते, मीना झाकण लावते. चौघींनी भाषणाचीही तशीच वाटणी केली. वाक्य एक, हात चार. नवसाबाईनं वाक्य सुरू करायचं, ललितानं पुढे सरकवायचं, प्रतिभानं तोलायचं आणि मीनानं बंद करायचं.

"पॅकहाऊसमधे आल्यावर," नवसाबाई म्हणाली.

"हात साबणानं धुवावेत," ललिता.

"कारण," प्रतिभा.

"द्राक्षं परदेशात जातात!" मीना.

"आपले केस," नवसाबाई.

"टोपीत घ्यावेत," ललिता.

"कारण," प्रतिभा.

"द्राक्षं परदेशात जातात!"

अशी बावीस वाक्यं झाली. प्रतिभाच्या वाट्याला बावीस 'कारण' आले. तेवढं तिला जमत होतं. खरं म्हणजे ते शब्द आधीच्या दोघी जवळजवळ तिच्या तोंडापर्यंत आणून द्यायच्या, तिनं फक्त सोडायचे.

हॉलमध्ये बाकीचे नऊ गट ओरडत होते. पत्र्याला आवाज घुमायचा. मग या चौघींनी शीतखोलीत जागा शोधली. हंगामाआधी मशीन तपासायचं म्हणून ती चालू होती, दोन अंशांवर. आत रिकामी खोकी भिंतीपर्यंत रचलेली. प्रत्येक खोक्याला हात घालायला दोन भोकं. सरांनी समोरच्यांच्या डोळ्यांत बघून बोलायला सांगितलं होतं, ती सोय झाली. चौघी शाली गुंडाळून खोक्यांच्या डोळ्यांत बघून बोलायच्या. दहा मिनिटांत ओठ बधिर व्हायचे, पंधरा मिनिटांत जीभ. बाहेर आल्यावर अर्धा तास चहाची चव लागायची नाही. प्रतिभाला ते बरं वाटायचं. बधिर तोंडानं 'कारण' म्हणायला काहीच लागत नव्हतं.

चौथ्या दिवशी बाहेर येताना त्या धुण्याच्या हौदापाशी थांबल्या. दोघी नव्या पोरी क्रेट धूत होत्या. पाणी थंड, वर जानेवारीचा वारा. काट्यावर यायच्या आधीची दोन वर्षं प्रतिभानं तिथं काढली होती. तेव्हा तिच्या बोटांची सालं निघायची आणि भाकरी थापताना पिठात रक्त उतरायचं. सुलाबाई तेवढ्यापुरती गप्प बसून भाकरी स्वतः थापायची.

"मला काय हितं वाकवायचं नाय," नवसाबाई हौदाकडे बघत म्हणाली. "नापास झाले तर मी सरळ गाठोडं उचलून पेठला जाईन. तिकडं तरी काय हाय? पण जाईन."

"मावशी, नापास कशाला व्हायचं?" मीना म्हणाली. "पाठ हाय ना सगळं."

"पाठ हाय गं. पण ही एक हाय ना." नवसाबाईनं प्रतिभाकडे हनुवटी केली. राग नव्हता त्यात. काट्याला थोडी खोट आहे, जपून घ्या, असं सांगावं तसं.

प्रतिभा काही बोलली नाही. ते नवसाबाईच्या म्हणण्याला पुरावा म्हणूनच धरलं गेलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक मॅडम आल्या. गळ्यात चष्मा, हातात छापील फॉर्म. पुढच्या खुर्चीवर शेठ, त्याच्या मांडीवर बिस्किटांची बशी. शेजारी कोंडाजी उभा. तो कधीही बसत नसे. मागे सतरंजीवर बायका.

या चौघींचा गट सातवा.

"पॅकहाऊसमधे आल्यावर," नवसाबाई म्हणाली.

"हात साबणानं धुवावेत," ललिता.

"कारण," प्रतिभा.

"द्राक्षं परदेशात जातात!"

तिसऱ्या वाक्याला मॅडमनी पेन वर केला. "थांबा, थांबा. हे काय? एक वाक्य चौघी?"

"वाटणी केली मॅडम," ललिता म्हणाली.

मॅडमनी दिनेश सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे.

"असं नाही चालणार. प्रत्येकीनं स्वतंत्र दोन मिनिटं बोलायचं. विषय तुमच्या कामाचा. एक जरी गप्प राहिली तरी गट नापास, मग माझ्या हातात काही नाही."

नवसाबाई पुढे झाली. कात्री कशी धरायची, घडाला हात न लावता देठ कसा धरायचा ते सांगितलं. "झालं का?" तिनं विचारलं. अजून पन्नास सेकंद होते. मग तिनं पेठला ठेवलेल्या आपल्या कोंबडीबद्दल पन्नास सेकंद सांगितलं. मॅडमनी खूण केली. ललितानं सगळं एका श्वासात चाळीस सेकंदांत संपवलं, म्हणून तिला तेच तीनदा म्हणावं लागलं. मीना रडली, पण रडता रडता झाकण कसं लावायचं ते नीट सांगितलं आणि वेळेत रडून संपवलं.

मग प्रतिभा.

ती उभी राहिली आणि समोर बघितलं. तिथंच घोटाळा झाला. या बायकांना ती वर्षानुवर्षं ओळखत होती, पण टोपी आणि मास्कच्या मधल्या डोळ्यांनी. कोर्सातही सगळ्या सरांकडे तोंड करून बसायच्या. आज सगळ्यांना नाकं होती. तोंडं होती. कुणाचे दात पुढे, कुणाच्या ओठावर डाग. छत्तीस परक्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. तोंड उघडलं. टाकी कोरडी.

"बोला," मॅडम म्हणाल्या. घड्याळाचा काटा पुढे सरकला. नवसाबाईनं डोळे मिटून घेतले.

प्रतिभाचे हात वर आले. तिनं ते आणले नव्हते. रोज सकाळी येतात तसे आले. डाव्या हातानं हवेत डबी धरली, उजव्यानं घड ठेवला, एक मणी काढला.

"घड ठेवला," सतरंजीवरची एक जण सवयीनं पुटपुटली.

"मणी काढला," दुसरी.

"पाचशे वीस," तीन-चार जणी एकदम.

हात थांबले नाहीत. दोन बोटं हवेत उभी राहिली.

"उभं," बायका वाचायला लागल्या. "आठ तास उभं." बोटं गुडघ्यात मोडली. "पाय दुखत्यात." करंगळी वर गेली. "लघवीला जायचंय." कान पिळला. "कोंडाजीभाऊला विचारलं." हात आडवा. "थांब म्हणाला." पुन्हा करंगळी. "पुन्हा विचारलं." मनगट वळलं.

"शेठ दारात!" सगळा हॉल म्हणाला. आता आवाज पत्र्याला लागत होता. चार बोटं. "चार मिनिटं! जाऊन यायला घड्याळ लावून चार मिनिटं!" अंगठा ओठाला लागला आणि हात नाही म्हणून हलला. "पाणी नाय प्यायचं. सकाळपास्नं पाणी नाय प्यायचं. म्हंजे जायला नको."

मग बायकांचं लक्ष पुढच्या खुर्चीकडे गेलं. एकेक तोंड मिटत गेलं. शेठनं बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते तिथंच राहिलं होतं. प्रतिभाचे हात तेवढे अजून वर होते. मग तेही खाली आले.

"वेळ?" मॅडमनी विचारलं.

"दोन मिनिटं अकरा सेकंद," दिनेश सर म्हणाले. त्यांना घाम आला होता.

मॅडमनी चष्मा लावला आणि फॉर्म वाचला. विषय कामाचा होता का? होता. आवाज शेवटपर्यंत पोचला का? पोचला. श्रोत्यांचा सहभाग? त्यांनी पेन क्षणभर धरून ठेवला आणि 'उत्तम' लिहिलं. आवाज कुणाचा, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता.

"पास," त्या म्हणाल्या. "पुढचा गट."

दुसऱ्या दिवशी शेठनं एकेकीला ऑफिसात बोलावलं.

"हे कोण बोललं?"

"मी 'चार' एवढंच म्हणले शेठ. 'मिनिटं' मंग बाकीच्या म्हणाल्या."

"मी तर नुसतं वाचलं."

"मी 'पाणी' म्हणले. 'नाय' कोण म्हणालं ते काय दिसलं नाय."

शेवटी प्रतिभा उभी राहिली. शेठनं तिच्याकडे पाहिलं.

"तूच ना?"

"हिच्या तोंडातनं तर तवा शब्दच निघाला नाय शेठ," कोंडाजी म्हणाला. "मी समोरच व्हतो." ते खरंच होतं. कोंडाजी खोटं बोलत नसे, त्याला तेवढं सुचत नसे.

त्याच आठवड्यात ऊन वाढलं आणि द्राक्षात साखर उतरली. सगळ्या बागा एकदम तयार झाल्या. कुंदनचा टेम्पो हलला. दारात इतके दिवस उभा असल्यानं त्याच्या चाकांखाली मातीचे चार चौकोन राहिले होते, ते सुलाबाईनं झाडून काढले. शेठला चाळीसच्या चाळीस बायका लागत होत्या. त्यानं सगळ्यांना घेतलं आणि हात धुण्याच्या नळावर नवा कागद लावला.

'टेबलावर हातवारे करण्यास सक्त मनाई आहे.'

कोंडाजीला वही दिली. कोण हातवारे करते ते लिहायचं.

पहिल्या दिवशी तो बायकांच्या पाठीमागून फिरत होता. कापायला हात हलत होते, निवडायला हलत होते, झाकण लावायला हलत होते. चाळीस बायका, ऐंशी हात. यातलं काम कुठलं आणि बोलणं कुठलं? त्यानं मीनाच्या नावापुढे 'झाकण?' असं लिहिलं. ललिताच्या नावापुढे लिहिलं आणि खोडलं. दहा वाजता तो नवसाबाईच्या मागे दहा मिनिटं उभा राहिला. ती घड कापत होती. ती कोंबडीबद्दल काही बोलत असेल असा त्याला संशय आला, पण खात्री होईना.

अकराच्या सुमाराला तो प्रतिभाच्या काट्यापाशी आला. तिच्या पिंढऱ्या दगड झाल्या होत्या. डाव्या हातात डबी होती. उजव्या हाताची दोन बोटं स्टीलवर उभी राहिली आणि मोडली. तिच्या लक्षात यायच्या आत.

"हे काम नव्हतं," कोंडाजी म्हणाला. वही उघडली, कानावरचा पेन काढला. "काय म्हणलीस? सांग. लिहायचंय मला."

प्रतिभानं त्याच्याकडे पाहिलं. मग डबी खाली ठेवली आणि मास्क हनुवटीखाली ओढला.

"पाय दुखत्यात, म्हणलं."

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पत्र्याला लागून परत आला. हॉलमधल्या कात्र्या थांबल्या. एवढ्या वर्षांत या टेबलावर कुणी तोंडानं काही बोललं नव्हतं आणि बोलली ती ही. तिला स्वतःला त्याचं काही विशेष वाटलं नाही. ओठ कोरडे होते, ते तिनं जिभेनं ओले केले.

कोंडाजी पेन धरून उभा होता.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग काय? तुम्ही विचारलं, भाऊ."

त्यानं वहीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तो थोडा वाकला आणि काट्याला सांगावं तसं खालच्या आवाजात म्हणाला, "माझे बी."

त्यानं वही मिटली, पेन कानावर ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे निघाला. अकरा वर्षं रोज त्याला पाठीमागून बघितलेलं असूनही, तो डावा पाय ओढत चालतो हे प्रतिभानं त्या दिवशी पाहिलं.